उम्म शू आणि कोर्चाची शेंदेतली

खाबुऱ्यात गुलबानूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच. एक तिचा नवरा नूरुद्दीन, आणि दुसरा दवाखान्यातला औषधं देणारा माणूस, तोही कार्डावर वाचून. बाकी सगळी वस्ती तिला 'उम्म शू' म्हणते.

ओमानात बाईची ओळख तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं. झैनची आई ती उम्म झैन, अम्मारची आई ती उम्म अम्मार. गुलबानू बाणकोटच्या खाडीकाठचं गाव सोडून लग्नानंतर इथं आली तेव्हा वीस वर्षांची होती. शेजारणींनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली, आज ना उद्या हिचंही नाव ठरेल म्हणून. मूल काही झालं नाही. पण तोवर तिची एक खोड सगळ्यांना पाठ झाली होती. बाजारात, मासळीच्या धक्क्यावर, कुणाच्या स्वयंपाकघरात, जिथं जाईल तिथं बोट दाखवून विचारायची, "शू हाझा?" हे काय? उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न तयार. हे कशाचं? असंच का? उलटं केलं तर काय होईल? समोरच्या घरातली हाफिजा एकदा मासे साफ करताना वैतागून म्हणाली, "तू दुसऱ्या कुणाची आई नसशील, पण 'शू'ची आई नक्की आहेस!" बायका हसल्या. गुलबानूही हसली. घरी येऊन मात्र थोडी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा हाफिजाच्या दारात उभी होती, वाळवलेलं लिंबू आतून काळं कशानं पडतं ते विचारायला.

त्या दिवसापासून ती उम्म शू. तिला पन्नाशी उलटून गेली, तरी नाव तेच आणि खोडही तीच. शाळा सातवीपर्यंत. पण दिशदाशाच्या, म्हणजे इथल्या पुरुषांच्या लांब झग्याच्या, गळ्याजवळचा गोंडा कसा वळतात, शार्क वाळवताना मीठ किती दिवस मुरवतात, खजुराच्या झाडावर नर-मादी कसं ओळखतात, हे सगळं तिनं विचारून विचारून गोळा केलेलं. नूरुद्दीनचं हमरस्त्यावर शिवणाचं दुकान आहे. शांत माणूस. तो म्हणायचा, "मी दिवसभर मापं घेतो, आनि ही दिवसभर माणसांच्या पोटातलं काढून घेते."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर तेउता राहायला आली.

डोंगराच्या पायथ्याशी जुन्या कबरी खणणाऱ्या परदेशी लोकांची एक तुकडी दर हिवाळ्यात येते. घरमालक अर्बाब त्यांना वरच्या खोल्या देतो. तेउता त्यांच्यातलीच, देश अल्बानिया, वय चाळिशीच्या आतबाहेर, केस आखूड कापलेले, बोटांना कायम पेन्सिलीची काजळी. खणताना निघालेल्या खापरांची चित्रं काढणं हे तिचं काम. सकाळी ती बाकीच्यांबरोबर जायची आणि दुपारी खापरांचे खोके घेऊन परत यायची. मग जिन्याखालच्या सावलीत टेबल टाकून बसायची. चौथ्या दिवशी गुलबानू चहाचा कप घेऊन तिथं गेली आणि बोट दाखवून म्हणाली, "शू हाझा?"

तेउताला मोडकंतोडकं अरबी येत होतं. गुलबानूचं अरबी तीस वर्षांचं, पण बाजारातलं. इंग्रजी दोघींचं मिळून एका माणसाला पुरेल एवढं नव्हतं, कारण गुलबानूच्या वाट्याचे शब्द वीसच. तरी जमलं. तेउतानं तिला एक खापर दाखवलं. मडक्याच्या काठाचा तुकडा, तीन बोटं रुंद. मग एक कागद काढला, त्यावर एकात एक अशी गोल वर्तुळं छापलेली. तुकड्याचा बाक त्या रेघांवर ठेवून सरकवत सरकवत एका वर्तुळाशी जुळवला. "हे बघ. एवढ्याशा काठावरून अख्ख्या मडक्याचं तोंड किती रुंद होतं ते कळतं."

गुलबानू कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. त्या दिवशी नूरुद्दीनला जेवायला उशीर झाला, आणि जेवताना त्याला वर्तुळांची सगळी हकीकत ऐकावी लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुकडीतला एक जण सुट्टीवरून परतला. येताना तो तेउतासाठी तिच्या आईनं दिलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. संध्याकाळी तेउता खाली आली, डबा उघडून गुलबानूच्या पुढे धरला. आत शंकरपाळ्यासारखे तिरके कापलेले जाड तुकडे होते, मधासारख्या रंगाचे, आणि प्रत्येकावर अक्रोडाची अर्धी फाक. प्रवासात चेपले होते, काही एकमेकांना चिकटले होते.

"शेंदेतली," तेउता म्हणाली. "नव्या वर्षाला आमच्याकडे घरोघरी करतात. माझी आई पाठवते. मी तीन वर्षं नव्या वर्षाला घरी गेले नाही, म्हणून डबा माझ्याकडे येतो."

"नावाचा अर्थ काय?"

तेउतानं थोडा विचार केला. "'शेंदेत' म्हणजे तब्येत. आरोग्य."

गुलबानूनं तुकडा तोंडात टाकला. पहिल्यांदा मध लागला, मग अक्रोड, आणि मग पाक, असा की दातांखाली सुटला पण हाताला ओघळला नाही. तिनं दुसरा तुकडा उचलला तो मात्र खाल्ला नाही. आत गेली, नूरुद्दीनच्या डब्यातली लांब सुई घेऊन आली आणि तुकडा उभा चिरला.

"हे बघ," ती म्हणाली, "जाळी शाबूत आहे."

तेउताला कळेना.

"मी बालूशाही करते, गुलाबजाम करते. पाकात टाकलेलं काहीही फुगतं, नाहीतर बुडापाशी लगदा होतो. केकवर पाक ओतला तर वरचा भाग भिजतो आणि खालचा कोरडा राहतो. हे वरपासून खालपर्यंत सारखं भिजलंय, तरी भोकं उघडी आहेत. कसं?"

"मला नाही माहीत," तेउता म्हणाली.

"तुझी आई करते ना?"

"आई करते. मी खाते."

गुलबानूला हे उत्तर फार विचित्र वाटलं. चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं मडक्याचा काठ बोटानं दाबला की काडीनं, हे शोधायला ही पोरगी घरदार सोडून आली, आणि आई काय करते ते हिला माहीत नाही? तिनं डब्यातला कडेचा एक तुकडा निवडला, ज्याची एक बाजू गोल होती, आणि तेउतापुढे ठेवला. "तुझा कागद आण."

तेउता आधी हसली, मग खरंच कागद घेऊन आली. तुकड्याचा बाक वर्तुळांवर सरकवला. "बत्तीस सेंटिमीटर," तिनं जाहीर केलं. "गोल ताट. आई त्याला 'ताव' म्हणते."

"ताव?" गुलबानू उभीच राहिली. "आमच्यात तवा म्हणतात!"

मग शब्दांचा खेळ सुरू झाला. साखरेला काय म्हणता? शेकेर. आणि हा पाक? शेरबेत. गुलबानूनं टाळीच दिली. कुठला अल्बानिया, कुठलं बाणकोट, आणि साखर आणि शरबत दोन्हीकडे! हे शब्द तिकडून इकडे आले की इकडून तिकडे गेले, हे तिला तेव्हाच जाणून घ्यायचं होतं. तेउता म्हणाली, तुर्कांबरोबर आमच्याकडे आले, त्यांच्याकडे इराणहून. "म्हणजे मधल्या घरातून दोघींनी उसनं नेलं," गुलबानू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेउतानं आईकडून बोललेला निरोप मागवला. कोर्चा नावाच्या डोंगरातल्या थंड गावात तिची आई लिरी एकटी राहते. निरोप दीड मिनिटाचा होता. तेउतानं तो थांबवत थांबवत सांगितला: अंडी, साखर, लोणी, मध, कुटलेले अक्रोड, चिमूटभर सोडा, मैदा जेवढा घेईल तेवढा. भाजायचं. मग पाक घालायचा. खलास.

"'जेवढा घेईल तेवढा' असं म्हणाली?" गुलबानूनं विचारलं.

"हो. मी किती म्हणून विचारलं तर रागावली."

"माझी अम्मी अगदी असंच सांगायची."

पहिला घाणा शुक्रवारी झाला. गुलबानूच्या गॅसच्या ओव्हनवरचे आकडे कधीच पुसले गेले आहेत. ती आत कागदाचा कपटा ठेवते, तो बदामी झाला की ओव्हन तापला. मध तिनं घरातला घातला, डोंगरातल्या सुमर झाडाचा, काळा आणि जाड, नूरुद्दीनच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं दिलेला. ताट ओव्हनमधून काढलं तेव्हा घरभर वास सुटला होता. तिनं गरम ताटावर गरम पाक ओतला. दहा मिनिटांत सगळं बसलं. चमच्यानं उचलावं लागलं.

"शिरा चांगला झालाय," नूरुद्दीन म्हणाला. त्याला साखरेचा आजार आहे, तो चवीपुरतंच खातो. "आनि नाव काय म्हणालीस? आरोग्य? साकरेच्या माणसाला आरोग्य खायला घालतेस, गो?"

मधाचाही कडवटपणा वर आला होता. दुसऱ्या शुक्रवारी तिनं फिका मध आणला आणि पाक थंड करून घातला. या वेळी बसलं नाही, पण सुईनं चिरून पाहिलं तर वरचा अर्धा भाग चिंब आणि खालचा नुसता केक. तिसऱ्या वेळी पाक एकतारी केला. वर साखरेचा पापुद्रा धरला. हाफिजाला तिन्ही वेळा तुकडे पोचले. ती काहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, पीत खजुराबरोबर निमूट खायची. तिसऱ्या वेळी म्हणाली, "उम्म शू, मला हे आवडतंय. पण तू जे शोधतेस ते हे नाही ना?"

"नाही."

"मग ते शोध. हे मी संपवते."

गुलबानूनं पुन्हा पुन्हा विचार केला. लिरी खोटं सांगत नव्हती, हे तिला आवाजावरूनच कळलं होतं. तो लपवणाऱ्या बाईचा आवाज नव्हता. एवढी साधी गोष्ट कशाला विचारता, अशा सुराचा होता. म्हणजे राहिलं होतं ते तिच्या लेखी सांगण्याजोगंच नव्हतं. अशी गोष्ट विचारून मिळत नाही, बघूनच मिळते.

"तुझ्या आईला म्हण, फोन समोर ठेवून कर," ती तेउताला म्हणाली. "मी काही विचारणार नाही. नुसती बघत बसेन."

तेउतानं भुवया उंचावल्या. "दोन तास? मी आईशी दहा मिनिटांवर बोलत नाही."

"तू आपली खापरं काढ. मी बघते."

फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार ठरला. खणण्याची सुट्टी, नूरुद्दीन दुकान उघडून मग नमाजला जाणारा. इथं सकाळचे अकरा, तिथं आठ. तेउतानं फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला आणि स्वतः समोर खोका घेऊन बसली. पडद्यावर एक बुटकी बाई आली, पांढरे केस मागे बांधलेले, अंगात लोकरीचं जाकीट, बाह्या कोपरापर्यंत वर. तिनं गुलबानूकडे पाहिलं, गुलबानूनं तिच्याकडे. लिरी काहीतरी म्हणाली.

"विचारतेय, तुला एवढं का हवंय?" तेउता म्हणाली.

"सांग तिला, जाळी का मोडत नाही ते कळलं नाही तर मला चैन पडणार नाही."

तेउतानं सांगितलं. लिरीनं पहिलं अंडं फोडलं.

गुलबानू बघत राहिली. लिरी अंडी आणि साखर हातानं फेटायची, एकाच दिशेनं. मधात सोडा घातला तेव्हा तो फसफसून दुप्पट झाला, आणि फेस खाली बसायच्या आत तिनं तो ओतला. मैदा तिनं खरंच मोजला नाही. चमचा उभा धरून सोडला, तो सावकाश आडवा झाला तेव्हा थांबली. हे तिनं निरोपात सांगितलं नव्हतं. गुलबानूनं जवळच्या पिशवीवर पेन्सिलीनं एक आडवा चमचा काढून ठेवला.

लिरी बोलत होती, तेउता मान खाली घालून चित्र काढत होती आणि अधूनमधून एखादं वाक्य सांगत होती. मध्येच गुलबानूनं आपला शब्द मोडला.

"विचार, तिला कुणी शिकवलं?"

तेउतानं विचारलं. लिरीनं उत्तर दिलं आणि ते लांबत गेलं. तेउताची पेन्सिल थांबली. तिनं खापर खाली ठेवलं.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय की... माझ्या आजीनं. बाबांच्या आईनं." तेउता सावकाश बोलत होती. "आजीला हे लग्न पसंत नव्हतं. आई घरात आली तेव्हा आजी सहा महिने तिच्याशी एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघर एकच. आजी करायची, आई बाजूला उभी राहून बघायची. चुकलं तर आजी तिचा हात धरून बाजूला करायची, बस. तेव्हा अंडी रेशनवर मिळायची, लोणी तर क्वचितच. नव्या वर्षासाठी दोन महिने एकेक अंडं साठवायचं. आईनं पहिल्यांदा एकटीनं केली तेव्हा आजीनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, 'मीठ?' तो पहिला शब्द. आई मीठ विसरली होती."

"मग तुझी आई काय म्हणाली?"

तेउतानं विचारलं नाही. "मला हे माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "आजी मला रोज गोष्टी सांगायची. मला वाटायचं ती सगळ्यांशीच बोलते."

पडद्यावर लिरीनं ताट ओव्हनमध्ये ठेवलं होतं आणि ती आता भांडी धूत होती, जणू बोललेलं सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं. तेउता तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर तिनं खापर हातात घेतलं नाही.

पाऊण तासानं लिरीनं ताट बाहेर काढून दाखवलं. तपकिरी, फुगलेलं, मधोमध एक चीर. तिनं ते समाधानानं खिडकीजवळ नेलं. तेवढ्यात चित्र अडकलं, लिरीचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि फोन बंद पडला. पुन्हा लागायला सहा-सात मिनिटं गेली. लागला तेव्हा लिरी ओट्याशी उभी होती, ताटातले तुकडे तिरके कापून झाले होते, आणि ती पातेल्यातला वाफाळता पाक पळीनं वरून सोडत होती.

"बघ, झालं," तेउता म्हणाली. "गरमावर गरम. तू पहिल्यांदा केलं तसंच. मग तुझं का बसलं?"

गुलबानू पडद्याच्या अगदी जवळ गेली. पाक पडत होता पण आवाज येत नव्हता. भाजलेल्या गरम वस्तूवर पाक पडला की चुर्र होतं. इथं काही नाही. वाफ होती ती पळीतून येत होती, ताटातून नाही. मग तिनं काठ पाहिला.

"हे ते ताट नाही," ती म्हणाली.

"तेच आहे."

"नाही. मघाच्या ताटाचा काठ बाहेर वळलेला होता, आणि एका जागी चेपलेला. याचा काठ सरळ आहे. तुझं कामच ते आहे, तू बघ."

तेउतानं फोन हातात घेतला, डोळे बारीक केले. मग ती आईला काहीतरी म्हणाली. लिरी पळी हातात तशीच धरून थांबली. तिनं लेकीकडे पाहिलं, मग गुलबानूकडे, आणि एवढ्या जोरात हसायला लागली की पाक ओट्यावर सांडला. बाजूला सरकून तिनं खिडकी दाखवली. चेपलेल्या काठाचं ताट तिथंच होतं, निवत ठेवलेलं.

"ती म्हणते," तेउताही आता हसत होती, "अर्थात ते नाही! ते आजचं आहे, त्याच्यावर पाक उद्या. हे कालचं. काल करून ठेवलं, म्हणजे आज तुला पूर्ण दाखवता येईल. एक रात्र कोरडं ठेवायचं, झाकायचंही नाही. हे तर सगळ्यांनाच माहीत असतं!"

"का ठेवायचं? विचार, का?"

लिरीनं हातवारे करत सांगितलं. ओव्हनमधून निघते तेव्हा शेंदेतली थकलेली असते, आत तिची स्वतःचीच वाफ भरलेली असते, तिला काही द्यायला जाऊ नये, कोसळते. रात्रभरात कोरडी होते. सकाळी तिला तहान लागलेली असते. मग गरम पाक द्या, तळापर्यंत पिते.

गुलबानू खुर्चीत मागे टेकली. आतली वाफ निघून गेली की भोकं रिकामी होतात आणि भिंती टणक होतात. मग पाक भरतो पण भिंत ढासळत नाही. एवढंच होतं तर! ज्या तीन घाण्यांनी तिला महिनाभर छळलं, त्यात तिनं घाई सोडून दुसरं काहीच वाईट केलं नव्हतं.

"तिला सांग," ती म्हणाली, "तुझी सासू न बोलता शिकवून गेली, म्हणून हे तुझ्या तोंडात कधी आलंच नाही."

हे तेउतानं आईला सांगितलं का, सांगितलं तर कसं, ते गुलबानूला कळलं नाही. पण त्यानंतर मायलेकी त्यांच्या भाषेत बोलत बसल्या, आणि गुलबानू उठून भात लावायला गेली. भात झाला, नूरुद्दीन नमाजहून आला, तरी बाहेर बोलणं चालूच होतं.

गुरुवारी तिनं ताट भाजलं आणि ओट्यावर उघडं ठेवलं. नूरुद्दीननं विचारलं, यावर जाळी तरी ठेवू का, मुंग्या येतील. तिनं ताटाखाली पाण्याची परात ठेवली. शुक्रवारी सकाळी बोट लावलं तर वरचा थर पावासारखा कोरडा. तिनं तुकडे कापले, प्रत्येकावर अक्रोडाची फाक बसवली आणि लिंबू पिळलेला गरम पाक पळीपळीनं सोडला. आवाज आला नाही. पाक वर तरंगला, मग हळूहळू खाली जात दिसेनासा झाला.

दुपारी हाफिजा आली, तिची सून सिदरा आली, वरच्या मजल्यावरची माणसं आली. पण तुकडा आधी तेउताला दिला. तिनं डोळे मिटून खाल्ला. गुलबानूचे हात पदरात गुंडाळलेले.

"लिंबू जरा जास्त झालंय," तेउता म्हणाली.

आणि गुलबानूचा चेहरा खुलला. शिऱ्याला कुणी लिंबाची तक्रार करत नाही. चूक इतकी बारीक निघाली याचा अर्थ बाकीचं सगळं जागेवर होतं. तरी तिनं सुई घेतली, एक तुकडा चिरून उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत सारखा रंग, भोकं उघडी. तो तुकडा तिनं हाफिजाला दाखवला, सिदराला दाखवला, नूरुद्दीनला दाखवला. त्यानं तो बघता बघता तोंडात टाकला.

"डॉक्टरला काय सांगाल?" गुलबानू म्हणाली.

"सांगेन, आरोग्य खाल्लं."

फेब्रुवारीच्या शेवटी तुकडी गेली. तेउता मस्कतला विमान पकडायच्या आधी खाली आली आणि वर्तुळांचा एक कोरा कागद गुलबानूला देऊन गेली. ती थेट पुढच्या कामावर जाणार होती ते रद्द करून दोन आठवडे कोर्चाला चालली होती. कारण तिनं सांगितलं नाही; गुलबानूनंही, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, विचारलं नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी गुलबानूचा फोन वाजला. पडद्यावर लिरी, एकटीच. मधे तेउता नाही, कुणीच नाही. दोघींकडे मिळून शब्द किती? शेकेर, शेरबेत, ताव, आणि तेउतानं शिकवलेलं 'मीर', म्हणजे बरं आहे. ते चारही पहिल्या मिनिटात संपले. मग लिरीनं फोन उचलला, खिडकीशी नेला आणि बाहेर दाखवत म्हणाली, "बोर! बोर!"

बाहेर एक झाड होतं. गुलबानू बोरं शोधायला लागली. खाबुऱ्यात बोराची झाडं जागोजाग, त्यांच्या फुलांचा मधही तिच्या घरात होता. कोर्चातही बोरं असतील तर त्यात नवल नव्हतं. पण झाडावर फळ नव्हतं, पान नव्हतं. फांद्या वरच्या बाजूनं पांढऱ्या होत्या आणि खालून काळ्या. भिंत पांढरी, रस्ता पांढरा, उभ्या गाडीचं छप्पर पांढरं. हवेतून काहीतरी सावकाश उतरत होतं, पावसासारखं सरळ नाही, घाई नसल्यासारखं तिरकं फिरत.

मग तिच्या लक्षात आलं, की हे बर्फ आहे, लिरी 'बोर' म्हणते ते हेच.

तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. लिरीनं खिडकी उघडली, हात बाहेर काढला आणि तळहात पडद्यासमोर धरला. पांढरे ठिपके होते ते बघता बघता पाणी झाले. गुलबानूनं मग फोन अंगणात नेला. समोर हाफिजाच्या भिंतीवर टाकलेल्या चटईवर शार्कच्या पट्ट्या वाळत होत्या, त्या दाखवल्या. लिरीनं नाक मुरडलं, जणू वास तिथवर गेला. दोघी हसल्या. थोड्या वेळानं हात हलवून लिरी गेली.

नूरुद्दीन जुम्म्याला जायची तयारी करत होता, टोपी झटकत होता.

"अवो," गुलबानू दारातून म्हणाली, "बर्फ पडताना आवाज येतो का?"

"मला काय ठावं? मी कुठं पाह्यलाय?"

"खिडकी उघडली तेव्हा आवाज आला नाय. पण फोनला ऐकू आलं नसंल."

"मग इचार तिला पुढच्या शुक्रवारी."

"इचारते," ती म्हणाली. "पण 'आवाज'ला तिच्या भाषेत काय म्हणतात, ते आधी तेउताला इचारायला हवं." आणि ती फोन घेऊन परत ओट्यापाशी गेली, निरोप बोलायला.